भावोजींचा कान

माझे भावोजी लेखक आहेत असं सांगितलं की लोक विचारतात, कोणती पुस्तकं? पुस्तक एकही नाही. ते एका छोट्या वर्तमानपत्रात नोकरीला आहेत आणि दिवसभर जे लिहितात त्याखाली कुणाचं नाव नसतं. पंख्यांच्या जाहिराती, हरवले-सापडले, आणि मुख्य म्हणजे निधनाच्या बातम्या. कोणी गेलं की घरची माणसं रडवेल्या तोंडाने कचेरीत यायची. भावोजी त्यांना खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे, "ते शिंकायचे कसे?" नाहीतर, "चिडल्यावर काय म्हणायचे?" माणसं आधी चमकायची, मग रडता रडता हसायला लागायची. दुसऱ्या दिवशी छापून आलेल्या चार ओळी वाचून वाटायचं, हो, गेला तो हाच माणूस. दुसऱ्यांच्या घरातलं इतकं बारीक विचारणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र मूग गिळून बसायचा. त्यांची बायको म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, मी तिला ताई म्हणते. तेव्हा मी त्यांची मेहुणी. मेहुणीला कौतुकाचाही हक्क असतो आणि रागाचाही, आणि मी दोन्ही बजावणार आहे.

शनिवारी त्यांना स्वतःच्या नावाने अर्धं पान मिळायचं. त्यात ते गाण्याबद्दल लिहायचे. दुसरे लिहिणारे 'बहारदार', 'रंगतदार' असले शब्द पेरून मोकळे व्हायचे. भावोजी एका गाण्यातली एकच जागा धरायचे. गाणारा अमुक ओळीत श्वास कुठे चोरतो, वाजवणारा कुठे घाबरून घाई करतो आणि ती घाईच कशी गोड लागते, असं काहीतरी. त्या एका जागेवर अख्खं अर्धं पान. तबकडी लावायचे, सुई उचलायचे, पुन्हा लावायचे. शेजारचे वैतागायचे. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ताईला विचारलं होतं, "तुमच्याकडे गाणं कधी संपतं का हो?"

आमच्या गावात दरवर्षी गाण्याचा महोत्सव होतो, तो सुरू झाला तोही त्यांच्या लिहिण्यामुळेच. आमच्याकडची बर्फाची फॅक्टरी बंद पडली तेव्हा तिची बातमी करायला भावोजी आत गेले होते. भिंती हातभर जाड, मधल्या पोकळीत लाकडाचा भुसा ठासलेला, खिडकी नावाला नाही. आत जाऊन ते शिंकले. ती शिंक कशी ऐकू आली यावर त्यांनी शनिवारचं पान लिहिलं. गावातली सगळ्यात चांगली ऐकायची जागा कुलपात आहे, असं त्यांचं म्हणणं. ते वाचून समोरच्या औषधाच्या दुकानाचे मालक पेटले. माणूस उत्साही, बोलायला लागला की थांबत नाही. त्यांनी कुलूप उघडवलं, खुर्च्या जमवल्या, स्वतःला अध्यक्ष करून घेतलं आणि भावोजींना म्हणाले, "कलाकार तुम्ही आणा."

कलाकार कसे आणायचे? द्यायला फारसं काही नव्हतं. मग अध्यक्षांनीच युक्ती काढली. ज्याला बोलवायचं त्याच्या एखाद्या गाण्यावर भावोजींनी शनिवारी लिहायचं आणि ते कात्रण त्या कलाकाराला पाठवायचं. बास. आणि लोक यायचे हो! नावाजलेली माणसं, मोठमोठ्या सभागृहांतून गाणारी, आमच्या बर्फखान्यात येऊन मोडक्या खुर्चीवर बसायची. कारण आपण गाताना केलेली आणि कुणाच्याच लक्षात न आलेली एक गंमत या कोण कुठल्या माणसाने पकडली, हे त्यांना कळायचं. एक म्हातारे व्हायोलिनवादक मला म्हणाले होते, "मानधन सगळेच देतात. कान कोण देतं?" अध्यक्षांनी ते वाक्य उचललं आणि पुढच्या वर्षी फलकावर छापलं. तेव्हापासून भावोजी गावाच्या तोंडी 'कान' झाले. "कान आले का? कान बसले का?" असं लोक खरंच म्हणायचे.

आणि तोच कान जायला लागला.

आधी किटलीची शिटी गेली. मग दारावरची घंटा. भावोजी गुपचूप दुसऱ्या गावातल्या डॉक्टरकडे जाऊन आले, घरी सांगितलं मुलाखतीला गेलो होतो. डॉक्टरने सांगितलं, वरचे स्वर आधी जातात, मग हळूहळू खालचे. गेलेलं परत येणार नाही, पण कानात यंत्र घातलं तर बोलणं तरी नीट समजेल. यंत्राला त्यांनी साफ नकार दिला. यंत्र घालून पहिल्या रांगेत बसलं तर उद्या आपलं कात्रण वाचून कोण येणार? कलाकार येणार नाहीत म्हणजे महोत्सव नाही, आणि महोत्सव नाही म्हणजे आपण पंख्यांच्या जाहिराती लिहिणारे. हा सगळा हिशेब त्यांनी मनातल्या मनात मांडला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. मला हे फार उशिरा कळलं. त्यांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण परक्या डॉक्टरला सांगता येतं ते बायकोला सांगता येऊ नये, याचा मला अजून राग येतो.

कारण ताईचा आवाज बारीक आहे, आणि चढा. ती पोस्टात खिडकीवर बसायची, लोक जाळीला कान लावून "काय म्हणालात?" असं दोनदोनदा विचारायचे. पुरुषांचे आवाज भावोजींना ऐकू येत होते. माझा घोगरा आवाजही येत होता. गेला तो नेमका ताईचा.

समोरासमोर बसलं की ते तिच्या ओठांकडे बघून उत्तर द्यायचे, इतकं सहज की कुणाला शंका येऊ नये. पाठ फिरली की मात्र काही नाही. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, उत्तर नाही. चहा ठेवू का, नाही. दिवा घालवू का, नाही. ताई मला म्हणायची, "पुढ्यात गेले तर बोलतात गं. नजरेआड झाले की मी त्यांच्या लेखी मेलेच." माणूस बदलला, असं तिने ठरवून टाकलं. आणि खरं दुखणं असं की जे प्रश्न जिव्हारी लागलेले असतात ते कोणी समोर बसून विचारत नाही. ते भांडी पुसता पुसता, कपाटात तोंड घालून विचारले जातात. "माझं काही चुकलं का?" हे ताईने असंच विचारलं होतं, कितीतरी वेळा. दर वेळी तिला उत्तर मिळालं ते म्हणजे कागदावर पेन फिरल्याचा आवाज.

एक गोष्ट तेवढी उरली होती. संध्याकाळी भावोजी तबकडी लावायचे आणि ताईला समोर बसवायचे. गाणं चालू असताना ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. संपलं की विचारायचे, "तुला कुठली जागा आवडली?" ती सांगायची आणि शनिवारी तीच जागा छापून यायची. ताईला वाटायचं, चला, एवढ्यापुरती तरी मी लागते यांना. लागत होतीच ती. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं, एवढंच.

शेवटी तिचा धीर सुटला. महोत्सव तोंडावर आला होता आणि भावोजी रात्रंदिवस टेबलाशी. टेबल खिडकीला लावलेलं, दाराकडे पाठ. ताई पिशवी भरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी धाकटीकडे जाते राहायला. थांब म्हणालात तर थांबते." ते लिहीत राहिले. ती उभी राहिली. त्यांनी पान उलटलं. तेव्हा ती जिना उतरली आणि थेट माझ्याकडे आली.

त्याच संध्याकाळी भावोजी माझ्या दाराशी आले. मी शिवणकाम करते. माझी खोली आणि दुकान एकच, दारात मशीन, पलीकडे पडदा, पडद्यामागे झोपायची जागा. त्यांना ताईची पिशवी दिसली. "बरं आहे ना सगळं?" त्यांनी मला विचारलं. पडद्यामागून ताई बाहेर आली नाही. ते थोडा वेळ मशीनच्या चाकावर बोट फिरवत उभे राहिले आणि निघून गेले. मी मागोमाग जाऊन त्यांना वाट्टेल ते बोलले. इतक्या वर्षांच्या बायकोला दोन शब्द बोलून घेऊन जाता येत नाही का तुम्हाला, असं भर रस्त्यात विचारलं. ते एवढंच म्हणाले, "ती न सांगता गेली."

मी घरी येऊन ताईला विचारलं. ती म्हणाली, "सांगून आले." काय सांगून, ते तिने मला सांगितलं नाही. "थांब म्हणालात तर थांबते" हे स्वतःच्या बहिणीपाशीसुद्धा कबूल करणं तिच्या जिवावर आलं असणार. दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय एवढं मला कळलं, आणि बहीण कोण नि मेहुणा कोण हे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून मी त्यांना लबाड धरून चालले. थोड्या दिवसांसाठी आलेली ताई माझ्या पडद्यामागेच राहिली. तिचा मान मोठा, त्यांचा त्याहून मोठा. महोत्सवाला मात्र ती आली, कारण तिकिटाची खिडकी पहिल्यापासून तीच सांभाळायची. नवरा सोडला तरी खिडकी नाही सोडली, अशी मी तिची थट्टा करायचे. तिला हसू यायचं नाही.

आता तबकडी लावल्यावर समोर बघायला चेहरा नव्हता. वर्ष असंच सरत आलं, पुढचा महोत्सव जवळ आला, आणि अशात भावोजींना भंगाराच्या दुकानात एक जुनी तबकडी सापडली. गायिका एके काळी खूप गाजलेली, मग अचानक गाणं सोडून घरी बसलेली. हे गाणं त्यांनी पूर्वी कधी ऐकलेलं नव्हतं. ऐकलं आणि ते वेडे झाले. गाणं वर वर चढत जातं आणि नेमक्या शिखरावर, जिथे दुसऱ्या कोणी आवाज लावून टाळी घेतली असती, तिथे ही बाई गप्प होते. खाली व्हायोलिन एकटं चालत राहतं. मग ती पुन्हा खालून सुरू करते. 'एवढं चढून गेल्यावर गप्प राहायला किती हिंमत लागत असेल,' असं त्यांनी लिहिलं. अर्धं पान त्या गप्प राहण्यावर.

आपला कान वरचं ऐकत नाही हे ठाऊक असलेल्या माणसाने ही चूक करावी? मला वाटतं, आशेपायी झालं ते. बाकीचं गाणं इतकं स्पष्ट ऐकू आलं, व्हायोलिन सुद्धा, की आज कान बरा आहे असं त्यांना वाटलं असणार. बहिरी माणसं गप्प बसून स्वतःला वाचवतात. हे लेखक पडले, लिहून मोकळे झाले.

कारण त्या जागी बाई गप्प नव्हती. त्या जागी तिचा आवाज फाटला होता. ती तबकडी ज्याने ज्याने ऐकली त्याला दुसरं काही आठवत नसे, फक्त ती किंकाळी. शनिवारचं पान वाचून जुनी माणसं खदखदून हसली. "काय शालजोडीतला हाणलाय हो!" अध्यक्षांनी भावोजींच्या पाठीवर थाप मारली. काहींना वाटलं, सभ्य माणूस आहे, बाईची लाज झाकली. आपलं काहीतरी चुकलंय हे भावोजींच्या लक्षात आलं. पण काय चुकलं हे विचारणार कुणाला? विचारलं असतं तर कान उघडा पडला असता.

आणि मग त्या बाईंचाच अध्यक्षांना फोन. "मी येते गायला. मानधन नको. लिहिणाऱ्याला भेटायचंय."

अध्यक्षांना आकाश ठेंगणं झालं. इतक्या वर्षांनी बाई गाणार, तेही आपल्या बर्फखान्यात! फलक लागले, तिकिटं हातोहात गेली, लोक बाहेरगावांहून यायला निघाले. भावोजींचा मात्र जीव टांगणीला. त्या दिवसांत ते कचेरीत एका निधनाच्या बातमीत मयताच्या जागी मुलाचं नाव घालून बसले. मुलगा स्वतः येऊन भांडून गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी रंगमंचाचा पडदा खिळ्याला अडकून टराटरा फाटला आणि मला बोलावणं आलं. पूर्वी जिथे बर्फाच्या लाद्या तोलायचे ती खोली आता कलाकारांची. एक आरसा, दोन खुर्च्या, कोपऱ्यात विजेची शेगडी. मी पडदा मांडीवर पसरून जमिनीवर बसले होते. बाई आल्या. उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले, बोलणं सावकाश आणि खर्जातलं. त्यांनी अध्यक्षांसकट सगळ्यांना बाहेर काढलं. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "तुम्ही शिवा. सुई हातात असलेलं माणूस मधेमधे बोलत नाही." हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे, पण मी बसले.

भावोजी खुर्चीच्या कडेवर.

"ते तुम्ही लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मी वर जाऊन गप्प राहिले म्हणून?"

"हो. तेवढी हिंमत मी दुसऱ्या कुणाच्या—"

"मी गप्प नव्हते हो. माझा आवाज फाटला होता. तबकडीवाल्यांना घाई होती, पुन्हा घेऊ द्या म्हटलं तर घेऊ दिलं नाही. तसंच विकलं. नंतर मी रस्त्याने चालले की लोक मागून तसं ओरडून दाखवायचे. घरात सुद्धा. माझा नवरा हसला एकदा, जेवताना. त्यानंतर मी गायले नाही."

भावोजींचा चेहरा मी कधी इतका पांढरा पाहिला नव्हता.

"म्हणून आले मी," बाई म्हणाल्या. "मला तोंडावर सांगा. टिंगल केलीत, की दया? टिंगल असेल तर आत्ता उठून जाते. दया असेल तर गाते, लोकांनी पैसे मोजलेत. पण तुमचं तोंड पुन्हा बघणार नाही."

बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. लोक यायला लागले होते. मी मनातल्या मनात ओरडत होते, दया म्हणा! दया म्हणा आणि सुटा! त्या एका शब्दावर महोत्सव वाचत होता, भावोजी वाचत होते, कुणाच्या बापाला काही कळलं नसतं. त्यांनाही हे दिसत असणारच. इतकी वर्षं ज्याने बेमालूम निभावलं त्याला हा शब्द जड नव्हता.

"मला ऐकू आलं नाही," भावोजी म्हणाले.

"काय?"

"तो स्वर. मला वरचं ऐकू येत नाही. काही वर्षं झाली. किटली, घंटा, बायकांचे आवाज. मला खरंच वाटलं तुम्ही थांबलात."

सुई माझ्या बोटात घुसली. घंटा, किटली, बायकांचे आवाज! माझी ताई त्या घरात कुणाच्या पाठीशी बोलत होती ते मला त्या क्षणी दिसलं. 'ती न सांगता गेली' म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता. ताईही खोटं बोलत नव्हती.

बाईंनी आपली खुर्ची त्यांच्याकडे ओढली. मग हळूच म्हणाल्या, "बाकीचं? बाकीचं ऐकलंत?"

"बाकीचं सगळं ऐकलं. पहिल्या ओळीत तुम्ही श्वास शब्दाच्या आत लपवता. तीच ओळ पुन्हा येते तेव्हा लपवत नाही. घेताय हे दाखवून घेता. मला ते फार आवडलं. पण लिहायला जागा उरली नाही."

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "ते मी मुद्दाम केलं होतं," त्या हातांच्या आडून म्हणाल्या. "कुणी ऐकलंच नाही हो. सगळे ती किंकाळी कधी येते याची वाट बघत बसायचे."

त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. भावोजीही डोळे पुसत होते. बाहेर कुठे बोलू नका, एवढं म्हणायचं त्यांना सुचलं नाही. मला ताईकडे पळायचं होतं, पण अध्यक्ष दारावर थापा मारत होते, पडदा अर्धा शिवायचा राहिला होता आणि तिकिटाच्या खिडकीपुढे रांग लागली होती. पडदा चढला तेव्हा आतले दिवे घालवलेही होते. ताई खिडकी बंद करून, पैशांची पेटी मांडीवर घेऊन शेवटच्या रांगेत बसली होती. मी अंधारात चाचपडत तिच्याशेजारी जाऊन टेकले आणि "ताई, ऐक" म्हणते आहे तोच बाई माइकपाशी आल्या.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हे मी त्या वेळीही म्हटलं, आजही म्हणते. त्यांना उपकार फेडायचे होते. "इतकी वर्षं लोकांनी माझी एक चूक ऐकली," त्या म्हणाल्या. "तुमच्या गावात एक लेखक आहेत. त्यांना वरचे स्वर ऐकू येत नाहीत. मला आज त्यांनी स्वतः सांगितलं. माझी चूक त्यांना ऐकू आली नाही, म्हणून माझं गाणं त्यांना ऐकू आलं. आज मी त्यांच्यासाठी गाणार आहे."

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी. भावोजी रंगमंचाच्या बाजूला लोखंडी जिन्यावर उभे होते, तिथून त्यांना ओठ दिसत नव्हते; बाईंचा आवाज खर्जातला म्हणून बोलणं तेवढं कळलं असणार. पहिल्या रांगेत अध्यक्ष टाळ्या वाजवत होते, पण चेहरा दाढ उपटल्यासारखा.

पुढचं इथेच सांगून टाकते. टाळ्या वाजवणाऱ्यांनीच ते चहाच्या टपऱ्यांवर नेलं. मग बाहेरगावच्या एका वादकाने फोनवर विचारलं, "तुमच्याकडे ऐकणारं आहे ना कोणी?" वर्तमानपत्राने शनिवारचं पान गोड बोलून काढून घेतलं. अध्यक्षांनी भावोजींना सन्माननीय सल्लागार केलं, म्हणजे पहिल्या रांगेत एक खुर्ची दिली. तिथे जो तो त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतो. महोत्सव मात्र बंद पडला नाही. कात्रणांवाचूनही कलाकार येतात, बर्फखान्याचं नाव आता झालंय. ज्या भीतीपायी त्यांनी घर घालवलं ती निम्मीच खरी ठरली. त्यांचं पान गेलं, महोत्सव राहिला. निधनाच्या बातम्या अजून तेच लिहितात.

पण त्या संध्याकाळी हे सगळं अजून घडायचं होतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि ताई तेवढी बसून होती.

"काय म्हणाली गं ती?" तिने मला विचारलं, जसं काही तिलाच ऐकू आलं नव्हतं.

"खरं आहे ते, ताई. त्यांना तुझा आवाज येत नव्हता. तू काय बोलत होतीस ते त्यांना कधी ऐकूच आलं नाही."

तिने पैशांची पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि उठली. भिंतीच्या कडेने भराभर पुढे गेली. मी पेटी पोटाशी धरून मागे. गाणं सुरू झालं होतं. बाईंचा आवाज म्हातारा झाला होता, पण त्यांनी गाणं बरंच खाली उतरवून घेतलं होतं आणि ऐकणाऱ्यांनी श्वास धरले होते.

जिन्यापाशी रंगमंचावरचा उजेड येत होता. ताई भावोजींच्या पुढ्यात, त्या उजेडात जाऊन उभी राहिली. तोंड त्यांना दिसेल असं.

"मी त्या दिवशी दारात उभी राहून बोलले होते," ती म्हणाली. "थांब म्हणालात तर थांबते, असं म्हणाले होते."

ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"मला वाटलं तू न सांगता गेलीस."

"मला वाटलं तुम्ही ऐकून गप्प बसलात."

हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मला रडू फुटलं. वर्षभराचा पडदा, पलीकडे तिचं रात्री कूस बदलणं, सगळं एका न पोचलेल्या वाक्यापायी! पण आता मिटलं, असं मला वाटलं. आता हा माणूस तिचा हात धरेल, आणि उद्या मी तिची पिशवी उचलून तिला घरी पोचवून येईन.

तेवढ्यात ताईने विचारलं, "ऐकू आलं असतं तर म्हणाला असतात ना? थांब म्हणून?"

कुठल्याही नवऱ्याला याचं उत्तर येतं. भावोजी विचार करायला लागले. मघाशी एकदा खरं बोलून त्यांची जीभ मोकळी झाली होती, आणि आता त्यांना आवरता येत नव्हतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तेव्हा घरात कोणी नकोच वाटायचं. तू समोर असलीस की कधी ना कधी पकडला जाईन असं वाटायचं. तू गेलीस तेव्हा आधी मला सुटल्यासारखं वाटलं. नंतर—"

नंतर काय ते ऐकायला ताई थांबली नाही. तिने पाठ फिरवली, आणि चालता चालता, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "एवढं एक खोटं बोलला असतात तर गेले असते मी घरी."

भावोजींनी माझा दंड धरला. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

मी शब्दाला शब्द सांगितलं, त्यांच्या तोंडासमोर उभी राहून. ते पायरीवर खाली बसले. मी त्यांना तिथेच सोडून ताईच्या मागे धावले. ती माझी बहीण आहे.